शोक आणि शोध : क्रौंचविषयक वाङ्मयाचा एक विचार

पक्षी हा आमच्या काव्याचा फार जुना आश्रित आहे. आदिकवीच्या मुखांतून पहिला श्लोक बाहेर पडला तो एका क्रौंचाच्या वधामुळें, ही कथा ज्यास ठाऊक नाहीं असा सुशिक्षित वाचक सांपडणें कठीण. शोकाचाच श्लोक झाला, या परंपरागत वचनाचा आधार घेऊन आनंदवर्धनानें काव्याचा आत्मा कोणता याचा निर्णय सांगितला. आणि तेव्हांपासून क्रौंच म्हटला कीं करुणरस, असें समीकरण रसिकांच्या मनांत पक्कें बसून गेलें. परंतु त्या कथेंतील एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. तमसेच्या कांठीं शोक झाला, निषादास शाप मिळाला, छंद जन्मास आला, आणि ऋषि आश्रमास परतले. त्या मागें राहिलेल्या क्रौंचीचें पुढें काय झालें, हें मात्र कोणी विचारलें नाहीं.

काव्यास तो प्रश्न विचारण्याचें कारण नव्हतें, हें खरें. पक्षी असंख्य होते त्या काळीं एकाच्या मृत्यूबद्दल अश्रु ढाळले म्हणजे कवीचें कर्तव्य पुरें होत असे. पण ज्या जातीचे पक्षी बोटांवर मोजतां येतील इतकेच उरले, त्या जातीविषयीं लिहिणारानेंही अश्रूंपाशींच थांबावें काय? गेल्या शतकांत उत्तर अमेरिकेंतील क्रौंचांविषयीं जें इंग्रजी वाङ्मय निर्माण झालें तें वाचीत असतां हा प्रश्न आमच्यापुढें वारंवार उभा राहिला. त्या वाङ्मयांतील चार कृति घेऊन त्याचा विचार करण्याचें येथें योजिलें आहे. आल्डो लिओपोल्ड यांचा 'मार्शलँड एलिजी' हा निबंध (१९३७), रॉबर्ट पोर्टर ॲलन यांचा 'द हूपिंग क्रेन' हा प्रबंध (१९५२), फेथ मॅकनल्टी यांचें त्याच पक्ष्यावरील पुस्तक (१९६६) आणि पीटर मॅथिसन यांचा 'द बर्ड्स ऑफ हेवन' हा प्रवासग्रंथ (२००१), या त्या चार कृति होत.

ग्रंथांकडे वळण्यापूर्वीं पक्ष्याची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. हूपिंग क्रेन हा उत्तर अमेरिकेंतील सर्वांत उंच पक्षी. उभा राहिला म्हणजे तो जवळजवळ पांच फूट भरतो. अंग पांढरें शुभ्र, पंखांचीं टोकें काळीं, माथा तांबडा, आणि स्वर असा कीं तो फार दूरवरून तुतारीसारखा ऐकूं यावा. आपल्याकडील सारस याच कुळांतला. पण सारस आपलें पाणथळ सोडून फारसा दूर जात नाहीं, आणि या पक्ष्याचें आयुष्य मात्र दोन घरांत वांटलेलें आहे. हिवाळा तो टेक्सासच्या किनाऱ्यावर, आरान्सास येथील खाऱ्या दलदलींत, निळ्या खेकड्यांवर निर्वाह करून काढतो; आणि वसंत ऋतु लागला म्हणजे उत्तरेकडे निघून, सुमारें ४,००० किलोमीटरांचा प्रवास करून, कॅनडांतील वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानाच्या पाणथळींत अंडीं घालण्यास जातो. वाटेंत नेब्रास्कांतील प्लॅट नदीसारख्या उथळ पात्रांत रात्रभर पाण्यांत उभे राहून हे पक्षी विसांवा घेतात. मादी बहुधा दोन अंडीं घालते, आणि त्यांतून बहुधा एकच पिलूं मोठें होतें. बंदुकींमुळें आणि पाणथळी मोडून केलेल्या शेतीमुळें १९४१ च्या सुमारास हा प्रवास करणारे पक्षी साऱ्या जगांत अवघे १५-१६ उरले होते. लुइझियानांत एक लहानसा स्थायिक कळप होता, तोही पुढें दहा वर्षांच्या आंत नाहींसा झाला.

आतां लिओपोल्ड. त्यांचा निबंध हूपिंग क्रेनविषयीं नसून विस्कॉन्सिन संस्थानांतील सँडहिल क्रेन या करड्या क्रौंचाविषयीं आहे. परंतु क्रौंचांविषयींच्या पुढील सर्व इंग्रजी लेखनास स्वर लावून दिला तो याच निबंधानें, म्हणून त्यास प्रथम स्थान देणें योग्य होय. पहांटेच्या धुक्यांत दलदल निजलेली आहे, क्रौंचांचा कळप अजून दिसत नाहीं पण ऐकूं येतो, या चित्रापासून निबंधास आरंभ होतो. मग लेखक हजारों वर्षें मागें जातो. हिमयुग ओसरलें, सरोवर आटलें, शेवाळाचे थर एकावर एक चढले, गवत कापणारे शेतकरी आले, त्यांच्यामागून पाट खणणारे आले, आणि शेवटीं वाळलेली जमीन आंतून धुमसत जळत राहिली. हा सारा इतिहास इतक्या थोड्या पानांत सांगण्याची ही हातोटी विरळा. पक्ष्याच्या स्वरांत केवळ पक्षी ऐकूं न येतां त्याच्या पाठीमागचा सारा काळ ऐकूं यावा, ही त्या निबंधाची खरी करामत. तिची बरोबरी करणारें दुसरें उदाहरण या विषयावरील वाङ्मयांत आम्हांस आढळलें नाहीं.

तथापि निबंधाचा शेवट आम्हांस खटकतो. एक दिवस शेवटचा क्रौंच निरोप घेऊन आकाशांत चढत जाईल आणि दलदलीवर कायमची शांतता पसरेल, अशा कल्पनेवर तो संपतो. पक्षी जिवंत असतांनाच त्याचें श्राद्ध घातलें गेलें! आणि पुढें झालें काय? त्या काळीं विस्कॉन्सिनांत या जातीच्या पंचवीसएक जोड्या उरल्या होत्या असें मानीत. आज तेथें हे पक्षी हजारोंनीं मोजावे लागतात. लिओपोल्ड १९४८ त वारले, आणि ज्या पुस्तकांत हा निबंध समाविष्ट झाला तें 'अ सँड काउंटी अल्मनॅक' १९४९ त निघालें. त्यांनीं ज्या परिसरांत ओसाड शेत विकत घेऊन हजारों झाडें लावलीं, त्याच परिसरांत, बाराबू येथें, १९७३ त जगांतील सर्व क्रौंचांच्या रक्षणासाठीं एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

यावर कोणी असें म्हणेल कीं, भविष्य खोटें ठरावें म्हणूनच तर तें सांगितलें होतें. निबंध वाचून लोक जागे झाले, यांतच त्याचें सार्थक आहे. या म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु वाचकाच्या मनावर घडणारा परिणाम आणि इतिहासांत घडून आलेला परिणाम हे दोन निराळे विषय आहेत. निबंध मिटल्यावर वाचकाच्या मनांत जी उरते ती एक गोड हळहळ. आणि हळहळीचा धर्मच असा कीं ती माणसास बसवून ठेवते, उठवीत नाहीं. झाडें लावणारे लिओपोल्ड आणि विलाप करणारे लिओपोल्ड यांपैकीं पहिल्यांचा आशावाद दुसऱ्यांच्या लेखणींत या ठिकाणीं उतरला नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें.

ॲलन यांचा प्रबंध हातीं घेतला म्हणजे आपण निराळ्याच हवेंत येतों. हा ग्रंथ रसिकांसाठीं लिहिलेला नाहीं. त्यांत कोष्टकें आहेत, नकाशे आहेत, जुन्या नोंदींची छाननी आहे, पक्षी काय खातो आणि कोठें उभा राहतो याच्या तपशिलाचीं पानेंच्या पानें आहेत. अमेरिकेच्या ऑडुबॉन सोसायटीनें या पक्ष्याचा अभ्यास त्यांच्यावर सोंपविला, आणि आरान्सासच्या दलदलींत राहून त्यांनीं एकेका कुटुंबाचे दिवस न्याहाळले. परंतु हिवाळ्याचें घर जाणून भागण्यासारखें नव्हतें. वसंतांत पक्षी उत्तरेकडे उडून जात, आणि ते घरटीं कोठें बांधतात हें त्या वेळीं कोणासही ठाऊक नव्हतें. १९४७ आणि १९४८ या दोन वर्षीं ॲलन यांनीं विमानांतून उत्तर कॅनडाचा अफाट प्रदेश धुंडाळला. घरटें सांपडलें नाहीं. १९५२ त प्रबंध प्रसिद्ध झाला तेव्हांही तें सांपडलेलें नव्हतें.

आमच्या मतें या ग्रंथाचें मोठेपण नेमकें येथें आहे. ज्याच्या कथेचा अर्धा भाग अज्ञात आहे अशा नायकाचें चरित्र लिहावयाचें, आणि अज्ञात भाग कल्पनेनें न भरतां मोकळा ठेवावयाचा, याला जो संयम लागतो तो कवीच्या संयमाहून कमी प्रतीचा नव्हे. प्रबंधांतील ती मोकळी जागा वाचकास अस्वस्थ करते. आणि ही अस्वस्थता हळहळीसारखी बसवून ठेवणारी नसून 'मग पुढें काय?' असें विचारावयास लावणारी आहे. उत्तर मिळालें तें योगायोगानें. १९५४ च्या जून महिन्याच्या अखेरीस वुड बफेलोंत वणवा पेटला होता. त्या कामावरून हेलिकॉप्टरानें परतत असतां एका वनाधिकाऱ्यास व त्याच्या वैमानिकास खालीं पांढरे पक्षी आणि त्यांचें पिलूं दिसलें. गंमत अशी कीं, हें उद्यान १९२२ सालींच रानगव्यांसाठीं राखून ठेवलेलें होतें; म्हणजे कोणाच्या ध्यानीमनीं नसतां पक्ष्यांचें तेंही घर तितकीं वर्षें सुरक्षित राहिलें होतें. पुढील वर्षीं ॲलन स्वतः मोठ्या कष्टानें त्या दलदलींत जाऊन पोंचले. योगायोग खरा, पण त्या पांढऱ्या ठिपक्यांचें महत्त्व ओळखलें जावें इतकी जाण लोकांत अगोदर निर्माण झाली होती, आणि तिचें श्रेय पुष्कळ अंशीं ॲलन यांच्या सततच्या विचारपुशीस आहे.

मॅकनल्टी यांचें पुस्तक या दोहोंहून निराळें. त्या 'न्यूयॉर्कर' पत्राच्या लेखिका. पक्षी वांचवणें म्हणजे रानांतली रम्य सहल नव्हे. ती कचेऱ्यांची, सभांची, पत्रव्यवहाराची आणि रुसव्याफुगव्यांची गोष्ट आहे, हें त्यांनीं निर्भीडपणें दाखविलें. उरलेले थोडे पक्षी पकडून बंदिस्त जागीं त्यांची पैदास करावी, कीं त्यांस मोकळेंच सोडून त्यांची वाट निर्वेध करावी, या प्रश्नावर दोन पक्ष पडले होते. दोन्ही बाजूंस पक्ष्यांवर खरें प्रेम करणारीं माणसें होतीं, आणि म्हणूनच भांडण कडू झालें. लेखिका हा वाद एखाद्या चांगल्या कादंबरीच्या कौशल्यानें मांडते. न्यू ऑर्लीन्सच्या प्राणिसंग्रहालयांतील जोसेफाइन आणि क्रिप या जोडप्याची कथा तर विसरतां येण्याजोगी नाहीं. या पुस्तकाचा दोष म्हणावयाचा तर इतकाच कीं माणसांच्या गलबल्यांत पक्षी मधून मधून दिसेनासा होतो, आणि वसंतांतील प्रवास तर बहुतेक निघण्याच्या व पोंचण्याच्या तारखांपुरताच उरतो. परंतु घरांतील मुलांबाळांसह वाचण्याजोगें पुस्तक चौघांत हेंच.

मॅथिसन यांचा ग्रंथ पल्ल्यानें सर्वांत मोठा. जगांतील क्रौंचांच्या १५ जाती शोधण्यासाठीं लेखक आमूर नदीच्या खोऱ्यापासून मंगोलियापर्यंत, गुजरात-राजस्थानापासून भूतानपर्यंत, आणि पुढें जपान, ऑस्ट्रेलिया व आफ्रिकेपर्यंत हिंडला आहे. कोरियाच्या दोन तुकड्यांमधील निर्मनुष्य लष्करी पट्टा हा क्रौंचांचा आश्रय होऊन बसला आहे, ही हकीकत वाचून माणसाच्या वैरासही एखादें अनपेक्षित फळ येतें कीं काय असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं. या ग्रंथाचा गुण असा कीं पक्ष्याची वाट ही अनेक राज्यांच्या सरहद्दी ओलांडणारी एकच अखंड रेषा आहे, आणि ती कोठेंही तुटली तरी सारीच तुटते, हें त्यांत पटतें. दोष असा कीं लेखक सर्वत्र पाहुणा आहे. तो येतो, पाहतो, विषण्ण होतो आणि पुढच्या देशास जातो. वर्णनांच्या मागें लिओपोल्ड यांचाच विलाप पुन्हां ऐकूं येतो. फक्त तो आतां एका दलदलीवर न होतां साऱ्या पृथ्वीवर होत आहे.

या चार कृतींनंतर जें घडलें आणि जें कळून आलें, त्यावरून आमचें मत अधिक दृढ झालें आहे. १९८१ ते १९८४ या वर्षांत कांहीं पिलांच्या पायांस लहान रेडिओयंत्रें बांधून त्यांच्या मागोमाग छोट्या विमानांतून प्रवास करण्यांत आला. कळप कोणत्या तळ्यावर उतरतो, कोठें किती थांबतो, याची नोंद प्रथमच सलग झाली. वाटेंतील विजेच्या तारांवर आपटून हे पक्षी मरतात, हाही अशा शोधाचाच निष्कर्ष. आणि तारेवर खूण बांधून ती पक्ष्यास दिसेल अशी करतां येते. विलापानें तारा दिसत नाहींत, पाठलागानें दिसतात.

याहून हृद्य हकीकत पुढची आहे. दुसरा एक प्रवासी कळप निर्माण व्हावा म्हणून, माणसांनीं वाढविलेल्या पिलांस २००१ च्या शरदांत विस्कॉन्सिनांतील नेसीडा येथून फ्लॉरिडापर्यंत एका अगदीं हलक्या विमानाच्या मागें उडावयास शिकविण्यांत आलें. वाट दाखविली ती फक्त दक्षिणेकडे जातांना. हिवाळा संपल्यावर काय करावें, हें सांगण्यास कोणी गेलें नाहीं. जगलेले पांच पक्षी २००२ च्या वसंतांत आपण होऊन निघाले आणि विस्कॉन्सिनास परत आले. पुढें त्याच कळपाच्या कित्येक वर्षांच्या नोंदी तपासून २०१३ त संशोधकांनीं असें दाखविलें कीं, सोबत एखादा वयस्क पक्षी असेल तर तरुण पक्षी सरळ वाटेपासून कमी भरकटतात. दिशेची ओढ रक्तांत असते, पण वाट वडीलधाऱ्यांकडून शिकावी लागते. पंढरीची वाट जशी जुन्या वारकऱ्यांच्या पायांत असते, तशी ही उत्तरेची वाट जुन्या पक्ष्यांच्या पंखांत असते. मग एखादा वृद्ध क्रौंच गोळीस बळी पडला म्हणजे संख्येंतून केवळ एक वजा होतो असें नव्हे. एक पाठ विसरला जातो.

हा प्रयोग सर्वथैव यशस्वी झाला असें मात्र नाहीं. पक्षी वाट शिकले, पण स्वतःचीं पिलें वाढविण्यांत ते फार कमी पडले. आणि माणसाचा हात त्यांच्या आयुष्यांत प्रमाणाबाहेर शिरला हें त्याचें एक कारण असावें, असें मानून २०१६ त विमानाची वाटचाल थांबविण्यांत आली. प्रेमानें केलेली गोष्टही तपासून पाहावी लागते आणि प्रसंगीं सोडून द्यावी लागते, हा धडा शोधाच्याच मार्गानें मिळतो. शोकास आपली चूक कधींच कळत नाहीं, कारण तो कशाचीच परीक्षा करीत नाहीं.

येथें आपल्या देशांतील एका हानीचा उल्लेख करणें भाग आहे. राजस्थानांत भरतपूरच्या केवलादेव उद्यानांत सैबेरियांतून पांढरे क्रौंच हिवाळ्यास येत असत. १९६० नंतरच्या दशकांत ते सुमारें २०० होते. २००१-०२ च्या हिवाळ्यांत अखेरची जोडी दिसली; त्यानंतर तें पाणथळ त्यांच्यावांचून आहे. उद्यान राखलेलें होतें, पहारा होता. पण परतीची वाट राखलेली नव्हती. अफगाणिस्तानांतील आब-इ-इस्तादा सरोवर हा त्या वाटेवरील विसाव्याचा मुक्काम; त्या देशांत वर्षानुवर्षें युद्ध चाललें होतें, आणि त्या वाटेवर क्रौंचांची शिकारही होत असे. उलट अमेरिकन क्रौंचाची वाट ज्या दोन देशांतून जाते त्यांच्यांत १९१६ सालींच प्रवासी पक्ष्यांच्या रक्षणाचा तह झालेला होता. तेव्हां एक कळप वांचला आणि दुसरा नाहींसा झाला याचें कारण एका देशांत प्रेम अधिक व दुसऱ्यांत कमी, असें मुळींच नाहीं. एका वाटेचा शेवटपर्यंत माग घेतां आला. दुसरीचा घेतां आला नाहीं.

आमच्या परंपरेंत पक्ष्यांच्या प्रवासाचें भान नव्हतें असें नाहीं. मेघदूतांतील राजहंस पावसाळ्याच्या तोंडीं मानसाकडे निघतात आणि कैलासापर्यंत मेघास सोबत करतात. पण तेथें पक्षी मेघाच्या सोबतीस आहे; पक्ष्याच्या सोबतीस कोणी नाहीं. मराठीस ही सोबत करतां येणार नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. रानांतल्या लोकांच्या तोंडचीं नांवें गोळा करून मारुती चितमपल्ली यांनीं 'पक्षिकोश' रचला, त्यावरून शब्दांची उणीव आमच्या भाषेंत नाहीं हें सिद्धच आहे. उणीव असेल तर ती एका पक्ष्याच्या मागें वर्षानुवर्षें चालण्याच्या चिकाटीची.

करुणरसास हद्दपार करावें असा आमचा आग्रह नाहीं. शोकावांचून शोधास कोणी निघणारही नाहीं. लिओपोल्ड वाचल्यावांचून ॲलन वाचण्याची इच्छा बहुधा होणार नाहीं. आमचें म्हणणें क्रमापुरतें आहे. शोक हा आरंभ असावा, समाप्ति नसावी. जो ग्रंथ वाचकास पक्ष्याच्या पुढच्या मुक्कामाची चौकशी करावयास लावतो तो, त्याची भाषा कितीही रुक्ष असली तरी, त्या पक्ष्याशीं अधिक प्रामाणिक होय. ॲलन यांच्या प्रबंधास हें माप पूर्णपणें लागूं पडतें, आणि म्हणून चौघांत त्यास आम्ही पहिलें स्थान देतों. १९४१ त १५-१६ वर आलेला तो कळप आज ५०० च्या वर गेला आहे. दर हिवाळ्यांत आरान्सासवर विमान फिरतें, आणि त्या पक्ष्यांची मोजदाद अजूनही चालूच आहे.